आतली खुंटी

वडील, भानुदास, वारले; त्यांचं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोनाली कामावर हजर झाली. लोणी देवकरच्या कारखान्यात गाडीच्या दाराची लॉकं तपासायचं तिचं काम. तारा जोडून करंट सोडायचा. आतली बोटभर मोटर फिरली की दांडी वर, उलटी फिरली की खाली. दिवसाला सहाशे लॉकं. शेजारची श्रेया म्हणाली, "एकदा रडून घे गं."

"येतच न्हाय तर काय करू?" म्हणत मोनालीनं पुढचं लॉक उचललं.

पहिली पाळी सुटली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. कळसला घरी जायला ती हायवेवर आली, तर चहाच्या टपरीसमोर दहाबारा माणसं एका गाडीला वेढून उभी. आत मागच्या सीटवर घामानं निथळलेली म्हातारी. बाहेर तिचा मुलगा, बारामतीचे हिंदुराव, हातात दगड घेऊन.

"आईला बसवून चहाला गेलो, सवयीनं लॉक केलं. बॅटरी सकाळपास्नं कुरकुरत होती. आता रिमोट चालंना, चावीचं भोक गंजलंय. काच फोडतो!"

"थांबा काका, काच आजींच्या तोंडावर यील," मोनाली म्हणाली. "करंट गेला म्हणून लॉक मरत न्हाय. मोटर फकस्त दांडी वढती. तीच दांडी हातानं बी वढता येती."

ती काचेला टेकली. म्हातारीला ऐकू कमी. मोनालीनं काचेच्या बुडाशी बोट दाखवलं, दांडीच्या टोकाच्या आतल्या काळ्या खुंटीकडं. मग चिमूट करून हवेत वर ओढली. म्हातारी नुसती बघत राहिली. मोनालीनं पुन्हा केलं. चौथ्या खेपेला तिची बोटं खुंटीवर गेली, एकदा निसटली, मग खट्‌ झालं.

हिंदुरावांनी दार उघडलं. कोणीतरी पाणी आणलं. घोटभर पिऊन म्हातारीनं, द्वारकाबाईंनी, मोनालीचा हात जो धरला तो सोडेचनात.

"कुणाची गं तू?"

मोनाली त्यांच्या कानाशी वाकली. "भानुदासची. कळसची."

"काय करतो बाप?"

"शेती करत्यात," मोनाली मोठ्यानं म्हणाली.

"भाग्याचा हाय तुजा बाप. त्याला सांग, द्वारकाबाईनं इचारलंय."

"व्हय, सांगते."

हिंदुराव घरापर्यंत सोडतो म्हणाले, पण गाडीच बंद. एसटी आली. मोनालीला खिडकीची जागा मिळाली. कळसचा फाटा दिसेस्तोवर ती हातातल्या तिकिटाकडं बघत होती. मग हळूच, फक्त स्वतःला ऐकू येईल असं, म्हणाली, "शेती करत होते." आता रडू येईल म्हणून थोडी थांबली. काहीच झालं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, ती उतरली.

दारात आई उभी होती. "जेवलीस का?"

"न्हाय."

"मलाबी भूक न्हाय," आई म्हणाली, आणि दोन ताटं वाढायला घेतली.