खोकलेकाकांचा मफलर

मी तीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत काढली. तेवढ्यात एक खोड अशी लागली की ती नोकरी सुटली तरी सुटली नाही. बाटलीवर एका लेबलावर दुसरं लेबल चिकटवलेलं दिसलं, की वरचं सोलायचं आणि खालचं वाचायचं. या खोडीपायी एकदा मी पुरवठादाराची अख्खी खोकी परत पाठवली होती आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. यंदाच्या थंडीत याच खोडीने माझं चांगलं चाललेलं सुख मोडलं.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. आधी मी, मग चार महिन्यांनी आमचे हे. हे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होते. म्हणजे दोघांचाही जन्म खिडकीतच गेला. मी आतून गोळ्या द्यायच्या, ह्यांनी आतून आश्वासनं. रिटायर झाल्यावर हिवाळाभर शेजारी शेजारी बसून वाचायचं, हा बेत आम्ही पंधरा वर्षं करत होतो. माझ्या बाजूने तो नुसता बोलण्यापुरता नव्हता. दुपारपर्यंत ऊन येतं त्या खिडकीशी मी दोन खुर्च्या आणून ठेवल्या. रुंद हातांच्या, चहाचा कप न कलंडता बसेल अशा. पायांवर घ्यायला दोन शाली काढल्या, दोघांचे चष्मे तपासून आणले, भाजलेल्या शेंगांचा डबा हाताशी ठेवला.

आठ दिवस हे माझ्या शेजारी बसले. नवव्या दिवशी म्हणाले, "नव्या इमारतीतलं वाचनालय चांगलं आहे म्हणतात. जरा बघून येतो. तुझ्यासाठी काहीतरी हुडकून आणतो."

"मीही येते की."

"तीन मजले चढायचेत, लिफ्ट नाही. तुझ्या गुडघ्याला झेपणार नाही."

माझा उजवा गुडघा थंडीत रुसतो, हे खरंच होतं. त्यामुळे हे रोज दहाला निघायचे आणि साडेचारला यायचे, बगलेत माझ्यासाठी पुस्तक. पहिले काही दिवस मला शेजारची रिकामी खुर्ची खटकली, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळच्या चहाला हे जे सांगत, त्यात माझी सगळी तक्रार विरघळून जायची.

कारण वाचनालयात काय एकेक वल्ली होत्या! ग्रंथपाल बाई होत्या, त्यांना सगळे हळूबाई म्हणत, कारण त्या दर पाच मिनिटांनी "हळू!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडत की झोपलेले जागे होत. एक आजी नखं कापायच्या कात्रीने मासिकांतल्या पाककृती कापून न्यायच्या आणि पकडल्या की बहिऱ्या व्हायच्या. आणि खोकलेकाका. खोकलेकाका एकटे राहत, दाराजवळच्या गार जागेवर बसत आणि खोकल्याची उबळ आली की पुस्तकाची माफी मागत. माणसाची नव्हे, पुस्तकाची. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी त्यांच्यासाठी आल्याचा पाक करून दिला. ह्यांनी दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली आणून दिली आणि काकांनी दोनदा हात जोडले म्हणून सांगितलं. मग मी मफलर विणायला घेतला. करड्या लोकरीचा. लोकर शेवटी कमी पडली, तेव्हा टोकाला दोन बोटं तपकिरी लावली. बारा दिवस लागले. मला स्वतःचा भाऊ नाही. विणताना मनात म्हटलं, असता तर असाच कुठेतरी गार जागेवर बसून खोकत असता.

"काकांना आवडला?" मी विचारलं.

"बोलले काहीच नाहीत," हे म्हणाले. "नुसता गालाला लावून बसले."

त्या रात्री मला फार छान झोप लागली.

मग एका बुधवारी, हे गेल्यावर, मी नवं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कागदाचा चौकोन डकवलेला होता. तसा तो प्रत्येक पुस्तकात असे. जुन्या पुस्तकांना ठिगळं असायचीच, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. पण या चौकोनाचा एक कोपरा सुटून वर आला होता, आणि खाली जांभळ्या शाईची रेघ दिसत होती. माझी बोटं शिवशिवली. चहाचं आधण ठेवलेलंच होतं. वाफेवर पान धरलं आणि कागद अलगद सोलून काढला.

खाली शिक्का होता. पाणीपुरवठा कार्यालय, कर्मचारी मंडळ, वाचनपेटी. क्रमांक त्रेचाळीस.

घरात आणखी दोन पुस्तकं होती. त्यांनाही वाफ दिली. एकेचाळीस आणि बेचाळीस.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. तुझ्यासाठी हुडकून आणलं, हे तुला आवडेल वाटलं, हे बघ, या बाईच्या लिखाणात तुझ्यासारखा तिखटपणा आहे. हे सगळं मी प्रत्येक पुस्तकाबरोबर ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. आणि हे ऑफिसच्या पेटीतून ओळीने, हाताला येईल ते उचलत होते. पेटीत काय असेल ते मी वाचत होते आणि माझ्या नवऱ्याला माझी आवड कळते म्हणून फुशारत होते.

तरीही मनाने एक पळवाट काढलीच. म्हटलं, वाचनालयात जाता जाता पुस्तक ऑफिसातून उचलत असतील, जुनी ओळख आहे. गुडघ्याला पट्टा बांधला, स्वेटरवर कोट चढवला आणि बस पकडली.

बस वाचनालयाच्या नव्या इमारतीवरून गेली. ते तळमजल्यावर होतं. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतारसुद्धा केलेला होता. मी मान वळवून वळवून बघत राहिले, इतकी की शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचा स्टॉप गेला का?

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तीन खिडक्या आहेत. दोन उघड्या होत्या. पहिलीवर पन्नाशीच्या एक कारकून बाई होत्या. त्या मला ओळखत नव्हत्या. ह्यांच्यानंतर बदलून आलेल्या असाव्यात. दुसऱ्या खिडकीत, काचेमागे, आमचे हे होते. मी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर घालून, कानामागे पेन्सिल खोचून.

"कसली तक्रार?" कारकून बाईंनी विचारलं.

"पाणी येत नाही," मी म्हटलं.

"मग त्या रांगेत उभ्या राहा. साहेब बघतील. तसे ते रिटायर झालेत हो, पण रोज येतात. पगार नाही, काही नाही, निव्वळ हौस. आमचं अर्धं काम तेच उरकतात."

"रोज?"

"एक दिवस खाडा नाही. घरी तरी काय करणार? त्यांच्या मिसेसची अजून नोकरी चालू आहे ना. दिवसभर घर खायला उठतं म्हणतात."

मी बरं म्हटलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या पुढे चार जण होते. ह्यांनी मान वर केली नाही. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना हे विचारत होते, "किती दिवस झाले? खालच्या मजल्यावर येतं का? नळ उघडला की आधी हवा येते की एकदम बंद?" एकेक प्रश्न सावकाश, पुढे झुकून. त्या माणसाने काहीतरी विनोद केला आणि हे हसले. मोठ्याने, खांदे हलवून. ते हसणं मी विसरले होते. घरी माझा गुडघा दुखला तर "हं" म्हणतात. किती दिवस झाले, कुठे दुखतं, जिना उतरताना की चढताना, असं एकदाही विचारलेलं नाही.

खिडकीची चौकट जुनी, तिच्या आणि काचेच्या मध्ये बोटभर फट होती. वारा येऊ नये म्हणून त्या फटीत करड्या लोकरीचं काहीतरी कोंबलं होतं. खालच्या बाजूला दोन बोटं तपकिरी रंग लोंबत होता.

मला आधी राग आला नाही. आधी वाटलं, मग खोकलेकाका काय घालत असतील? इतकी मी मूर्ख. मग कळलं. खोकलेकाका नव्हतेच. हळूबाई नव्हत्या, कात्रीवाल्या आजी नव्हत्या. माझ्या हिवाळ्यातली सगळी माणसं ह्यांनी बसमधून घरी येता येता बनवली होती.

माझ्या पुढे दोन जण उरले तेव्हा मी रांग सोडली.

साडेचारला हे आले. टोपी काढली, हात धुतले, चव्वेचाळीस नंबरचं पुस्तक माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवलं. त्यावरचा चौकोन नीट, चारही कोपरे दाबून चिकटवलेला होता. मी चहा ओतला.

"आज काय गंमत," हे कपात साखर ढवळत म्हणाले, "खोकलेकाका मला म्हणतात..."

"खोकलेकाका वारले," मी म्हटलं.

चमचा थांबला. "कधी?"

आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख आलं. मी बघितलं. एक क्षणभर आम्ही दोघंही त्या माणसासाठी हळहळलो. मग ह्यांच्या लक्षात आलं. मान खाली गेली.

"आज सकाळी," मी म्हटलं. "तुमच्या खिडकीत. मफलर तिथेच आहे त्यांचा."

मग हे म्हणाले, "मी तुला सांगणार होतो."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. पण तू खुर्च्या आणल्या होत्यास. शाली काढल्या होत्यास. तुझ्याकडे बघून तोंडच उघडेना. मग एक सांगितलं, ते तुला आवडलं, मग दुसरं."

"पण जायचं कशाला तिथे? काय आहे तिथे?"

"अगं, मला बसता येत नाही," हे म्हणाले. "दहा मिनिटं बसलं की वाटतं, आता संपलं. आता कुणाला आपलं काही काम नाही."

"माझ्या शेजारी बसून असं वाटतं तुम्हाला?"

"कुणाच्याही शेजारी."

हे त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं असावं. ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, "तुम्ही ऑफिसात गेलात याचं नाही काही. जाणारा जातो. पण मी अजून नोकरीला जाते म्हणून सांगितलंत. मी इथे रोज तुमची वाट बघत बसलेली असताना तुम्ही मला घरातून काढून टाकलंत. आणि माझ्या जागी ते सगळे वाचनालयवाले आणून बसवलेत, माझंच मन रमवायला."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं."

"उद्यापासून नाही जाणार," हे म्हणाले. "घरीच थांबेन. आपण ठरवलं होतं तसं."

मला हेच ऐकायचं होतं. पंधरा वर्षं हेच ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी हे सकाळी अंघोळ उरकून खुर्चीत येऊन बसले. पायांवर शाल घेतली. पुस्तक उघडलं. मी मुद्दाम बघितलं नाही, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी न गळणारा नळ दुरुस्त केला आणि मग तो गळायला लागला, तेव्हा जरा रंगात आले. तो थांबला तसे पुन्हा येऊन बसले. मधून मधून माझ्याकडे बघून हसायचे, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखं. शेंगा सोलून माझ्यापुढे ठेवायचे. मी विचारलं, काय वाचताय? तर मुखपृष्ठ उलटून बघितलं आणि मग नाव सांगितलं. इतक्या प्रामाणिकपणे हे माझ्याशेजारी बसलेले मी कधी बघितले नव्हते, आणि इतके लांबही.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला फोन वाजला. कारकून बाईंचा. कुठल्याशा गल्लीत पाण्याचा मुख्य पाइप फुटला होता आणि बंद करायची कळ कुठे आहे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. हे खुर्चीतून उठले. शाल खाली पडली. "दवाखान्याच्या कोपऱ्यावर, झाकणाखाली, उजवीकडे फिरवायची, डावीकडे नाही," असं उभ्याने, ताठ, एकेक शब्द तोडून सांगितलं. फोन ठेवला तरी उभेच राहिले.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "जा," मी म्हटलं.

"नको. सांगितलंय मी त्यांना."

"डावीकडे फिरवतील. जा म्हणते ना."

"तुला चालेल?" ह्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांच्याशी मी इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते, आणि त्यांनी ते पटकन खरं मानलं.

कोट, टोपी, बूट, सगळं मिळून दोन मिनिटं लागली नाहीत. दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग मी ऐकत राहिले. एकसष्टाव्या वर्षी हा माणूस दोन दोन पायऱ्या एकदम उतरत होता.