चिंधी बांधलेली लवकी

सासरे दयारामबाबा गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात लवकीचीच, म्हणजे दुधीचीच, भाजी होणार, यावर सरिता अडून बसली होती. आचारी नुसता म्हणाला, "दीदी, पनीर कर देते हैं, लौकी कौन खाता है?" तर तिनं त्याला असं झापलं की तो बिचारा मुकाट्यानं लवक्या सोलायला बसला. चाळीस वर्षं ज्या सासऱ्याला आठवड्यातून दोनदा हौसेनं लवकी करून वाढली, त्याच्या नावाच्या पंगतीत पनीर? बाप्पा रे बाप्पा, लाज वाटली पाहिजे!

रायपुरातल्या भनपुरीच्या मागच्या अंगाला विहाराच्या अंगणात मांडव घातला होता. ही जागाही बाबांचीच. आता चहूकडे गोदामं झाली आहेत, दिवसभर ट्रकांची घरघर चालते, पण एके काळी इथं त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होती. भंडाऱ्याकडून तरुणपणी आले, एकेक बांधी उभी केली, आणि त्यातली रस्त्याला लागून असलेली, सगळ्यांत चांगली, विहाराला देऊन मोकळे झाले. बायको लवकर गेली. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले, तर हा गडी म्हणाला, "पोट्ट्याले शिकवू देता का नाही मले?" मुलाला, धम्मदीपला, शिकवलं, रेल्वेत चिकटवलं. पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोणाची बाई अडली की रात्र असो की पाऊस, बैलगाडी बाबांचीच जुंपली जायची. शहाण्णव वर्षांचं आयुष्य, पण 'मी केलं' हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

निघाले होते, एकदाच. आणि तेही साफ खोटे. हे सरिताला माहीत होतं, आणि तिच्या मते तिलाच एकटीला.

ती लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. माहेर रायपुरातच, ब्राह्मणपाऱ्यात, भाड्याच्या दोन खोल्यांचं. भाजी टोपलीत येते एवढंच तिला ठाऊक. सासरी महिनाही झाला नव्हता. धम्मदीप ड्युटीवर, सासरे, म्हणजे तिचे मामाजी, शेतात. काहीतरी चांगलंचुंगलं करून घालावं म्हणून ती वाडीत गेली. वेलाच्या मांडवावर कोवळ्या लवक्या लोंबत होत्या, त्यातली एक काय देखणी! तिच्या देठाला कोणीतरी लाल चिंधी बांधलेली. सरिताला वाटलं, वा, मामाजींनी आपल्यासाठीच खूण करून ठेवली दिसते. टचकन तोडली आणि चण्याची डाळ घालून फक्कड भाजी केली.

आता शेतकऱ्याच्या घरातल्या शेंबड्या पोराला विचारा, चिंधी कशासाठी असते? वेलावरची सगळ्यांत चांगली लवकी बियाण्यासाठी राखतात, आणि कोणाचा हात लागू नये म्हणून तिला चिंधी बांधतात. बाबांनी भंडाऱ्याहून आणलेलं ते बियाणं, सारा पारा त्यांच्याकडूनच न्यायचा. त्या वर्षी दोनच राखल्या होत्या. एक पावसात सडली, आणि दुसरी ही, कढईत.

संध्याकाळी ताट पुढे आलं. बाबांनी भाजीकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि जेवले. वर म्हणाले, "बेस झाली व पोरी." मामाजींना लवकी फार आवडते, हे सरितानं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. खरं काय ते तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या बोलण्यातून कळलं. रडत रडत ती सासऱ्यापुढे उभी राहिली, तर ते म्हणाले, "चूप राय. कोणाले काही सांगाचं नाही." आणि पाऱ्यात जाऊन स्वतःच सांगून आले, "अरे, मीच तोडून खाल्ली. जिभेले राहवलं नाही!" ऐन धानकापणीच्या तोंडावर कामं टाकून भंडाऱ्याच्या बहिणीकडून नवं बियाणं आणलं आणि घरोघरी वाटलं. पण नाव पडायचं ते पडलंच. लहान पोरंसुद्धा त्यांना बघून ओरडायची, "लौकीखाऊ बबा!" ते हसायचे. सरिता मात्र दाराआड मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. उद्या सांगू, परवा सांगू करता करता चाळीस वर्षं गेली.

भंतेंचं त्रिशरण-पंचशील झालं, मग लोक एकेक करून बोलायला उठले. शेवटी बाबांचा जुना दोस्त बिसाहू काठी टेकत उभा राहिला. डोळे पुसत म्हणाला, "दयाराम भैया देवता रिहिस. बस एक ठन अवगुन, बीजहा लौकी ला खुदे खा डारिस!"

देवमाणूस, पण बियाण्याची लवकी स्वतःच खाऊन बसला, एवढाच काय तो अवगुण! मांडवभर हशा पिकला. सरिताच्या मुलीनं, चेतनानं, आईला कोपरानं डिवचलं, "मम्मी, सच में खा गए थे?"

 सरिताला वाटलं, आज नाही बोललं तर हे खोटं समोरच्या हार घातलेल्या फोटोच्या माथी कायमचं बसणार. ती उठली. 

"ती लवकी मामाजींनी नाही खाल्ली. मी तोडली होती. चिंधी कशाची असते, हे मले नव्हतं माहीत. त्यांनी माह्या चुकीवर पांघरूण घातलं आणि जन्मभर तुमचं हसणं ऐकून घेतलं. मी भित्री, मी चूप बसली. आज माफी मागाले उभी झाली."

 तेवढ्यात पुढच्या खुर्चीतून बाबांची बहीण, नव्वदीची गोदावरी आत्या खुदकन हसली.

"बस व पोरी. मले तवाच समजलं होतं. बियाणं न्यायले आला अन् म्हणे, मीच खाल्ली. मी म्हटलं, काहून खोटं बोलून राहिला बे? लहानपणापासून लवकीचा वास आला तरी हा ताटावरून उठे! तर म्हणे, घरात नवी सून आहे, तिले कोणी बोलू नये. आता मले लवकी खाणं शिकाव लागते."

सरिता खाली बसली. आठवड्यातून दोनदा. चाळीस वर्षं. तिनं धम्मदीपकडे पाहिलं, पण त्याला स्वतःच्या ताटात काय आहे हेही कधी सांगता आलं नव्हतं, बापाच्या ताटातलं तो काय सांगणार? मांडवामागून फोडणीचा वास आला, लवकीचाच. सरिताला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. फोटोपुढे जाऊन ती साऱ्या मांडवादेखत भांडली.

"सांगाचं होतं ना मामाजी! मी भेंडी केली असती."