लेकीने दिलेली किटली

लेकीने किटली आणून दिली तेव्हा टोपीवालीने नाक मुरडलं होतं. पण आठवडाभरात तीच किटलीचे गोडवे गायला लागली. लेकीने आपल्या फोनवरून वेळ लावून दिलेली, त्यामुळे सकाळी डोळे उघडायच्या आत पाणी उकळून तयार. दुखरे गुडघे घेऊन ओट्यापाशी ताटकळायला नको. तिने शेजारणीला मुद्दाम बोलावून हे कौतुक दाखवलं.

"आपोआप होणारं काही मला पटत नाही बाई," शेजारीण म्हणाली.

"तू राहा चूल फुंकत," टोपीवालीने तिला चिडवलं.

टोपीवालीचा धंदा लोकरी टोप्यांचा. जाड लोकर वाफेवर धरून मऊ करायची, लाकडी साच्यावर ताणायची, गार व्हायच्या आत काठ वळवायचा. मागच्या वर्षी वाफेने मनगट भाजलं, तेव्हा लेकीने साचे माळ्यावर टाकले आणि "आता हे बंद" म्हणून शपथ घातली. शपथ जेमतेम महिनाभर टिकली. साचे पुन्हा खाली आले, पलंगाखाली लपले, आणि वाफेला किटली होतीच. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या घरात राहावं आणि आपल्या हाताने चार टोप्या कराव्यात, एवढंच तर टोपीवालीला आपलं म्हणावं असं उरलं होतं.

मग लेकीच्या फोनचा सूर बदलला.

"आई, काल दुपारभर स्वयंपाकघरात काय करत होतीस? हल्ली विसरायला होतं का गं?"

टोपीवालीने विषय बदलून फोन ठेवला. हिला सांगितलं कोणी? घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे, आणि शेजारणीच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. झालं, टोपीवालीने कारण न सांगता किल्ली मागून घेतली. शेजारीण बिचारी तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. तेव्हापासून टोपीवाली पडदे ओढून काम करू लागली. तरी बातम्या पोचायच्या त्या पोचतच होत्या.

एकदा किटलीच्या तळाला पांढरा थर धरला, म्हणून तिने ती दिवसभर भिजत घातली आणि वाफेसाठी गॅसवर पातेलं चढवलं. टोप्या नेहमीपेक्षा जास्तच झाल्या. संध्याकाळी लेक खुशीत होती.

"आज बरं आहे हं तुझं! सारखं सारखं पाणी नाही उकळलंस."

फोन कानाला तसाच धरून टोपीवालीने मान वळवली. किटली मोरीपाशी साळसूदपणे पालथी पडली होती. टोपीवालीचा संताप झाला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. ती तशीच उठून शेजारी गेली, किल्ली शेजारणीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ठेव गं. गाढव मीच आहे."

सुट्टीच्या दिवशी लेक आली ती सगळं ठरवूनच.

"माझ्याकडची मागची खोली रिकामी केली आहे. आई, पाणी उकळलंय हेच तुझ्या लक्षात राहत नाही. पुन्हा उकळतेस, पुन्हा विसरतेस. तुला एकटीला ठेवायची माझी छाती होत नाही."

टोप्यांचं नाव टोपीवालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. एका वाक्यात तिचं डोकं ठिकाणावर असल्याचं कळलं असतं. पण किटलीने चहाड्या करायच्या आणि आपण खुलासे द्यायचे, हे काही तिच्या गळी उतरेना. ती उठली, किटलीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि ते सगळं लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"ही तुझ्या घरी ने. आणि माझ्या फोनवर लावून दे. तू कधी उठतेस, कितीदा चहा पितेस, दुपारी घरी असतेस की नाही, मलाही कळू दे."

"माझं कशाला?" लेक फटकन म्हणाली. "मी माझ्या घरात काय करते ते..."

 तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती किटलीच्या झाकणाशी चाळा करू लागली.

"दिवसभर करतेस तरी काय गं तू?" शेवटी तिने विचारलं.

"हे मलाच विचारायचं होतंस की!"

लेकीने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला. तेवढ्याने टोपीवालीचा विश्वास बसेना. तिने तो उचलला, बाहेरच्या खोलीत नेऊन उशीखाली दडपला, परत येऊन आतून कडी घातली, आणि मगच वाकून पलंगाखालचे साचे बाहेर ओढले.