कुणी राहिलं का?

"एकशे सतरा झाली, काका. एक स्किप." नितेश खुर्चीतच मागे रेलला. "झकास. चला, पॅक-अप."

दशरथने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तोंड पडद्याजवळ नेलं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या हिरव्या टिकल्यांमध्ये एकच करडी टिकली होती. विक्रोळी, खाडीकडचं सेंटर.

"स्किप म्हणजे काय रे?"

"म्हणजे ते सोडून सिस्टीम पुढे गेली."

दशरथने खणातून आपली लांबोडकी वही काढली, आजच्या तारखेखाली एकशे सतरा लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात विक्रोळी. त्या रकान्याचं नाव त्याने फार पूर्वी स्वतःच ठेवलं होतं : राहिले.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर रक्त तपासणाऱ्या एका कंपनीचं हे मुख्य ऑफिस. उपनगरांत पसरलेली एकशे अठरा सेंटरं, आणि प्रत्येक सेंटरवर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. तिथे रक्त घ्यायचं, इथे तपासायचं, दुसऱ्या सकाळी तिथेच रिपोर्ट छापून द्यायचा. नवा फॉर्म असो, नवा प्रोग्राम असो, जे काही बदलेल ते एकशे अठरा ठिकाणी पोचवायचं हे दशरथचं बावीस वर्षांचं काम. आधी तो सीड्यांची पिशवी घेऊन हिंडायचा, मग पेन ड्राइव्ह आले, मग वायरीतून जाऊ लागलं. वर्षभरापूर्वी आलेल्या नितेशने नवीन पद्धत बसवली. तिच्यात एका सेंटरला फाइल पोचली की ते पुढच्या दोघांना देतं, ते दोघं आणखी चौघांना. म्हाताऱ्याला हे जड जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. दशरथला मात्र ते एका दमात समजलं. "बुक्क्यासारखं की," तो म्हणाला होता. "आपल्याला लावला की आपण शेजारच्याला लावायचा." तेव्हापासून नितेश त्याला बुवा म्हणून चिडवायचा, आणि त्याला ते आवडायचं.

कारण आयुष्यात त्याचं खरं ठिकाण कुठलं म्हणाल, तर घाटकोपरच्या एका लहानशा दत्तमंदिरात, सुनंदाताईंच्या मागे. ताई कीर्तनाला उभ्या राहिल्या की टाळ घेऊन मागे राहायचं, ध्रुपद उचलायचं आणि शेवटी खिरापत वाटायची. एकतीस वर्षं हे चाललं होतं. पहिल्याच वर्षी त्याच्या हातून वाटताना मागच्या दोन बायका सुटल्या होत्या. ताईंनी सर्वांसमोर काही म्हटलं नाही. घरी जाताना मात्र सांगितलं, की डबा बंद करायच्या आधी दारात उभं राहून विचारायचं, कुणी राहिलं का, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं.

आज साडेपाचला ताईंचं शेवटचं कीर्तन होतं. शहात्तर वर्षांच्या झाल्या होत्या, वरचा सूर लागत नव्हता. रविवारी त्या कायमच्या गावी, मालवणकडे, लेकीकडे निघणार होत्या.

नितेशला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुम्ही जा ना, काका. त्यांच्याकडे रस्ता खणलाय, केबल तुटलीय. सकाळी नेट आलं की आपोआप जाईल ते."

"आणि नाही आलं तर?"

आजची फाइल नेहमीची नव्हती. थायरॉइड तपासायचं द्रव्य बदललं होतं, त्यामुळे निरोगी माणसाचा आकडा किती ते किती धरायचा, हेच बदललं होतं. ती मर्यादा सेंटरच्या कॉम्प्युटरमधून छापली जायची. विक्रोळीला मोबाइलच्या नेटवर रिपोर्टांचे आकडे येत होते, पण एवढा मोठा प्रोग्राम त्यावरून उतरत नव्हता. म्हणजे सकाळी सातला नवे आकडे जुन्या मर्यादेसमोर छापले जाणार.

"मी जातो मग," नितेश म्हणाला.

"तुला त्या मशीनच्या खोडी माहीत नाहीत. पुढून पेन ड्राइव्ह घेत नाही, जागा भरली की रुसतं. तू बसशील सकाळपर्यंत."

"काका, एकशे अठरात एक. यार, नव्याण्णव टक्के झालं आपलं."

दशरथने पेन ड्राइव्ह आणि वही खिशात टाकली, वर बटण लावलं. "त्या सेंटरवर जो सकाळी येईल ना," तो म्हणाला, "त्याचं शंभर टक्के राहिलंय रे."

चारला निघाला. रिक्षावाल्याने लिंक रोड धरला आणि पवईच्या अलीकडेच सगळं ठप्प झालं. दशरथने ताईंना फोन लावला. तो उचलला त्यांच्या पेटीवाल्याने. विक्रोळीला जाऊन येतो, उशीर होईल, एवढं त्याने सांगितलं. पलीकडून ताईंचा बसलेला आवाज आला, कुणी आजारी आहे का म्हणून विचारणारा. कुणी नाही, एक राहिलंय, असं तो म्हणाला. नंतर पेटीवाल्याने सांगितलं, ताई म्हणतात, ये सावकाश.

सेंटर म्हणजे एका जुन्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा. रश्मी, तिथलं सगळं एकटीने बघणारी मुलगी, सुया मोजून कपाटात ठेवत होती. खणलेल्या खड्ड्यावरची फळी ओलांडून दशरथ आत आला तेव्हा सहाला दहा कमी होते.

"काका, तुम्ही स्वतः? अहो, नुसतं फोनवर सांगितलं असतं तर मी रिपोर्ट थांबवले असते ना."

"थांबवले असतेस. आणि माणसाला काय सांगितलं असतंस?"

कपाट लावता लावता रश्मीने सांगितलं, की कन्नमवारनगरची एक बाई आहे, सहावा महिना, याआधी दोनदा बिघडलेलं. थायरॉइडचा रिपोर्ट आलाय का म्हणून आज दोनदा येऊन गेली. उद्या सकाळी ती पहिली उभी असणार.

दशरथ खाली बसून मशीनच्या मागे हात घालत होता. "आकडा आलाय तिचा?"

"आलाय. छापायचाय."

"छाप."

जुन्या मर्यादेवर कागद बाहेर आला. तिच्या आकड्यासमोर ठळक काळा बाण होता, वर तोंड केलेला, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. रश्मीने तो बघितला आणि कागद उलटा करून ठेवला.

मग जुन्या फाइली काढून जागा करणं आलं, आणि त्यानंतर ती पट्टी. हिरवी पट्टी मुंगीच्या पायाने सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. साडेसहा झाले. आता पूर्वरंग संपला असेल, दशरथच्या मनात आलं. बुक्का लावत असतील. ताईंना हार घातला असेल. आता गजर. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर हळूच पडू लागली, आधी विलंबित, मग थोडी चढती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. रश्मीने चहा आणला, पण तो त्याच्यासमोर न ठेवता ती तशीच उभी राहिली. बोटं थांबली तेव्हा कप पुढे केला.

"काय होतं ते, काका?"

"साथ," दशरथ म्हणाला. "इथूनच."

सव्वासातला पट्टी भरली. रश्मीने पुन्हा छापायला दिलं. तोच आकडा, तेच नाव, आणि समोर बाण नव्हता. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले आणि पहिला टराटरा फाडून टाकला. दशरथने खिशातून वही काढली, 'राहिले'मधल्या विक्रोळीवर रेघ मारली आणि नितेशला फोन केला. नितेश अजून ऑफिसातच बसून होता. "टिकली हिरवी करायची झाली तर हाताने करता येते का रे?" येते म्हणाला.

घाटकोपरला तो पोचला तेव्हा आरती होऊन गेली होती. बाहेर चपला उरल्या नव्हत्या. आत दोघंजण सतरंज्या गुंडाळत होते, तबल्यावर गवसणी चढली होती. त्याचे टाळ ताईंच्या मागच्या पाटावर, त्याच्या जागी ठेवलेले होते. ते कुणी उचललेले दिसत नव्हते, दोन्हींवर बुक्क्याचं एकेक बोट तेवढं होतं.

ताई दारातच होत्या, एका हाताने चौकट धरून. दुसऱ्या हातात खिरापतीचा डबा. पुढे रिकामा रस्ता होता, तरी घसा साफ करून त्यांनी नेहमीच्या मालवणीत विचारलं, "कोण रवला काय?"

पायऱ्यांखालून दशरथ म्हणाला, "मी रवलंय, ताई."

"इलंस?" त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझा झाला मां थयला काम?"

"झाला. सगळ्यांक पोचला."

त्यांनी मान हलवली, डब्याचा तळ खरवडून सगळं त्याच्या ओंजळीत घातलं. डबा रिकामा वाजला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने विचारलं, तुम्ही घेतली का. ताईंनी रिकाम्या डब्याला नुसतं झाकण लावलं.

दशरथ पायरीवर बसला. ओंजळीतली खडीसाखर आणि मऊ खोबरं त्याने वेचून ताईंच्या तळव्यावर ठेवलं, खारकेचे तुकडे आपल्याकडे घेतले. ताईंना आता ते चावत नसत. त्याही टेकल्या. दोघांनी खाल्लं, सावकाश.

मग तो आत गेला. बुक्का पुसू नये म्हणून टाळ दोरीला धरून उचलले, तरी ते एकमेकांना लागून एकदा वाजलेच.