हाताने तोडलेली द्राक्षं, पण कुणाच्या?

वाइनच्या लेबलाला मंजुरी देणाऱ्या साहेबांनो, तुम्ही माणसं लपवता. मालकाच्या कुत्र्याचं नाव बाटलीवर चालतं; द्राक्षं तोडणाऱ्याचं नसलं तरी तुमचा शिक्का बसतोच.

सुदेशला हे उगाच खटकलं नव्हतं. आखातात, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या एका हॉटेलात तो स्टोअर सांभाळायचा. त्या दिवशी इटलीहून पांढऱ्या वाइनची खोकी आली. आणि त्याच दिवशी त्याच्या धाकट्या भावाला, गावाकडच्या किसनला, एजंटला हो की नाही ते सांगायचं होतं. इटलीत द्राक्षमळ्यात काम. किसनला छाटणी-तोडणी येत होती. पण मळा कुठला, मालक कोण, एजंट काही बोलत नव्हता. "एकदा पोचू तर दे," एवढंच.

सुदेशने बाटली उजेडात धरली. फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची.

"केया, मागं काय लिहिलंय गं?"

केया ठाण्याची, रेस्टॉरंटमध्ये सर्व्ह करायची. "ऑरगॅनिक. चार पिढ्यांची फॅमिली. तणनाशक नाही, द्राक्षं हाताने तोडलेली. फोटोत आजोबा, आईबाबा, मुलगी लुचिया आणि ब्रूनो कुत्रा."

"मळा केवढा?"

"शंभर एकर."

"वेलीच्या बुडचं गवत हातानं, तोडणी हातानं, आणि माणसं चार?"

"ब्रूनो धरून पाच."

"मग तोच मुकादम असेल!"

केया खिदळली. "लुचिया आज टेस्टिंगला येतेय. विचार तिलाच."

किसन जाणार तो हाच मळा, असं काही नव्हतं. पण तिकडे मजुरांना कसं ठेवतात ते सांगू शकणारं, इटलीतल्या मळ्याचं माणूस आयतं समोर येत होतं. ही संधी सोडेल तो सुदेश कसला! बर्फाची बादली घेऊन तो टेबलाशी गेला आणि तिथेच थांबला. त्याच्या हिंदीचं केया इंग्लिश करत गेली.

"मॅडम, एवढी द्राक्षं तोडतं कोण?"

लुचिया मोकळी हसली. "सीझनला पिकर्स येतात ना! गोड लोक. तोडताना गाणी म्हणतात. तुमच्या इंडियातलेही असतात."

"एका खोलीत किती जण?"

आखातात आलेला माणूस पगाराच्या आधी हे विचारतो. खोलीतल्या खाटांवरून त्याला मालक कळतो.

लुचियाचा ग्लास ओठांपाशी थांबला. "ते... कॉन्ट्रॅक्टर बघतो."

"तुम्ही खोली पाहिलीय?"

"सुदेश, बस्स, खलास!" मॅनेजर दातओठ खात म्हणाला. "स्टोअरमें जाओ."

केया दोन पावलं मागे सरकली. तेवढ्यात सुदेशचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"दादा, एजंट समोर बसलाय. सही कर म्हणतोय. काय करू?"

"पेन खाली ठेव. फोन ठेवू नको."

सुदेशने फोन लुचियासमोर, ग्लासांच्या मधोमध ठेवला. आता त्याने केयाची वाट पाहिली नाही. जेवढं इंग्लिश होतं तेवढं काढलं, अडलं तिथे हातवारे केले.

"मॅडम, माय ब्रदर. लाइनवर आहे. वन रूम, हाऊ मेनी मॅन? पासपोर्ट कुणाच्या खिशात? तुम्हाला माहीत नाही ना? मग कॉन्ट्रॅक्टरला फोन लावा. आत्ता. माझा भाऊ थांबलाय, बोला!"