साडेसहावा पडदा

डल्सिमर हे जगातलं एकमेव वाद्य आहे, की ज्यावर चुकीचा सूर लावताच येत नाही. मांडीवर आडवं ठेवावं, पिसाच्या टोकाने तारा छेडाव्यात आणि पहिल्या तारेवर बोटभर लाकडी दांडी फिरवत राहावं. दांडी कुठेही थांबली तरी बाकीच्या तारा तिला सांभाळून घेतात. हे सत्य लोवेल प्राइडमोरने आपल्या दाताच्या डॉक्टरला, पोस्टमनला, दोन मेव्हण्यांना आणि चर्चच्या ब्रदर डॉयलला पटवून दिलं होतं आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेक डल्सिमर मारलं होतं. त्यानंतर त्यांच्यापैकी प्रत्येकाने ते सत्य खोटं पाडून दाखवलं. पोस्टमन तर हल्ली पेटीत पत्रं टाकताना गाडीचा वेगही कमी करत नसे.

लोवेलने आयुष्यभर खोऱ्यातल्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर इतर माणसं मासे धरतात, तशी तो डल्सिमरं धरू लागला. घरात नऊ होती. त्याची बायको नोरीन हिच्या माहितीप्रमाणे सहा. दर गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात डल्सिमरवाल्यांचं मंडळ भरे आणि तिथे लोवेलला वाजवण्यापेक्षा बोलण्याबद्दल अधिक मान होता. एकदा त्याने ‘जुनी वाद्यं आणि आपण’ या विषयावर तासभर भाषण केलं होतं. केंटकीच्या डोंगरातल्या जुन्या माणसांनी घडवलेल्या वाद्याला आपण हात लावायचा नाही, त्यावरचा ओरखडासुद्धा पुसायचा नाही, कारण ते वाद्य नसून त्या माणसाचा हात असतो, असं तो म्हणाला होता. टाळ्या पडल्या. दोघा-तिघांना त्या टाळ्यांनी जाग आली.

असा हात वर, ओढ्याच्या उगमाशी, व्हर्डी नेपियर यांच्या घरी होता. व्हर्डीबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि नात्याचा असो नसो, ओढ्याकाठचा प्रत्येक माणूस त्यांना मावशी म्हणे. त्यांच्या वडिलांनी, हायरम नेपियर यांनी, खाणीतून सुटल्यावर परसात बसून अक्रोडाच्या लाकडाचं एक डल्सिमर केलं होतं. बदामाच्या आकाराची चार भोकं, झिजून गुळगुळीत झालेली पट्टी. मावशी ते वर्षातून एकदाच बाहेर काढत. मेच्या अखेरच्या रविवारी सगळं गणगोत डोंगरावरच्या स्मशानात जमायचं, गवत कापायचं, थडग्यांवर फुलं मांडायची, तिथेच जेवायचं. त्या दिवशी मावशी वडिलांच्या थडग्याशी खुर्ची टाकून वाजवत. लोवेल नेपियरांचा कुणी नव्हता, तरी दर वर्षी जाई. डोळे मिटून ऐके, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी काढे.

फेब्रुवारीत मावशींचा फोन आला.

“लोवेल, तू त्या डबड्यांमधलं काहीतरी जाणतोस म्हणे.”

“कोणत्या डबड्यांमधलं, मावशी?”

“बाबांच्या. खुंटी सरकतेय. तार लावली की उतरते. नीट करून दे. मेमध्ये लागेल.”

लोवेल तिथवर गेला तो जवळजवळ अनवाणीच म्हणायचा, इतक्या भक्तीने. खुंटी त्याने त्याच संध्याकाळी बसवून टाकली. मग ते वाद्य परत करायचं सोडून तीन आठवडे घरात ठेवलं आणि शेवटी मंडळात मिरवायला घेऊन गेला. इथवर त्याच्या हातून काही वाईट घडलं नव्हतं.

आता साडेसहाव्याबद्दल सांगायला हवं. डल्सिमरच्या पट्टीवर तारेचे आडवे तुकडे ठोकलेले असतात, तेच पडदे; त्यांतल्या सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये जुन्या माणसांनी एक सूर सोडून दिला होता. नव्या माणसांना तो सूर लागतो, म्हणून नव्या वाद्यांत तिथे एक जादा पडदा असतो. त्याला सगळे साडेसहावा म्हणतात. मंडळात सगळ्यांकडे तो होता. हायरम नेपियर यांच्या डल्सिमरला अर्थातच नव्हता.

मंडळ ग्लेना चालवत असे. ती पूर्वी दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची आणि अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलायची. तिने नवी चाल सुरू केली. तिसऱ्या ओळीत वीस डल्सिमरं एका सुरावर गेली आणि एकविसावं त्याच्या शेजारच्या घरात शिरलं.

ग्लेना थांबली. “ज्यांच्याकडे साडेसहावा नाही, त्यांनी तेवढी ओळ जरा हळू वाजवा हं,” ती कुणाचंही नाव न घेता लोवेलकडे बघत म्हणाली.

“हे जुनं आहे,” लोवेल म्हणाला.

“दिसतंय ना. छान आहे. पण हळू.”

चुकीचा सूर लागतच नाही, हे ज्यांना लोवेलनेच शिकवलं होतं, ते सगळे मोठ्या सहानुभूतीने त्याच्याकडे बघत होते. सहानुभूती त्याला सहन होत नसे. घरी आल्यावर तो थेट गॅरेजमध्ये गेला, बारीक गिरमिटाने पट्टीत दोन भोकं पाडली, तारेचा तुकडा चिमट्याने वाकवला आणि छोट्या हातोडीने ठोकून बसवला. दहा मिनिटांचं काम. पिसाने तार छेडली. सूर आला, आणि चांगला आला.

तो विरून गेल्यावर लोवेलला कळलं, की आपण काय केलं. एका मेलेल्या माणसाच्या हाताला त्याने सहावं बोट चिकटवलं होतं.

चिमटा घेऊन त्याने पडदा उपसायला सुरुवात केली. तारेबरोबर लाकडाचा नखाएवढा कपचाही वर येऊ लागला, तेव्हा त्याने घाईघाईने पडदा पुन्हा खाली दाबला. आता तो आधीपेक्षा घट्ट बसला. पुढच्या गुरुवारी सर्दी झाल्याचं सांगून लोवेल मंडळात गेला नाही. नोरीनने विचारलं, “सर्दी कुठेय?” तो म्हणाला, “येतेय.”

वाद्य परत द्यायला जाताना ट्रकमध्ये त्याने वाक्य पाठ केलं. मावशी, माझ्या हातून एक चूक झाली. साधं वाक्य होतं. दारात पोहोचेपर्यंत ते चांगलं येतही होतं. मावशी स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसून डल्सिमर घेतलं, खुंटी फिरवून बघितली, आणि पट्टीकडे न बघता ते कपाटावर ठेवून दिलं.

“बाबा गेल्यापासून या लाकडाला परक्याचा हात लागला नव्हता,” त्या म्हणाल्या. “टर्मन म्हणत होता, दुकानात दे. म्हटलं, नाही, लोवेलला देते. त्याला कळतं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही.”

टर्मन म्हणजे त्यांचा भाचा. लोवेलच्या घशात वाक्य तयार होतं. त्याने तोंड उघडलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, “मावशी, तुमची पन्हळ तुंबलीय.”

“तुंबलीय खरी.”

“मी साफ करतो.”

त्याने केली. दुसऱ्या आठवड्यात तो बाकीच्या पन्हळींसाठी आला. मग थंडीपुरती लाकडं फोडून दिली आणि थंडी संपत आल्यामुळे पुढच्या थंडीचीही फोडली. मग मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बसवलं. दर खेपेला तो वाक्य घेऊन चढाव चढे आणि एखादं काम करून, वाक्य तसंच परत घेऊन खाली येई. मेमध्ये ते वाद्य बाहेर निघणार, याची आठवण झाली नाही असा एक दिवस गेला नाही. मावशी दांडी सरकवत सहाव्यावरून सातव्यावर जातील, वाटेत ती त्याच्या पडद्यावर अडकेल, आणि सगळ्या नेपियरांच्या देखत, बापाच्या थडग्यावर, हायरमच्या लाकडातून कधी न निघालेला सूर किंचाळत बाहेर पडेल. हा प्रसंग त्याला इतका पाठ झाला होता, की त्यात कोण कुठे बसलंय हेही ठरलेलं होतं.

“आपलीही पन्हळ तुंबलीय,” एका रात्री जेवताना नोरीन म्हणाली.

“बघतो.”

“मार्चपासून बघतोयस. तू त्या बाईचं काय मोडलंयस, लोवेल?”

“काही नाही. म्हातारं माणूस आहे, एकटं आहे.”

“माझी आईही म्हातारी होती आणि एकटी होती. तिचं खुराडं तू कधी बघितलं नाहीस.”

पुढच्या रविवारी ब्रदर डॉयलने प्रवचनात लोवेलचं नाव घेतलं. शेजाऱ्याचं ओझं वाहणारा माणूस शोधायला लांब जायला नको, तो तिसऱ्या बाकावर बसलाय, असं म्हणाला. सगळं चर्च तिसऱ्या बाकाकडे बघू लागलं. लोवेलने मान खाली घातली, आणि लोकांना तो विनयही दिसला. बाहेर पडताना एका बाईने त्याचा हात दाबला. नोरीन शेजारी उभी राहून समोरच्या झाडाकडे बघत होती.

शेवटचा रविवार उजाडला. डोंगरावर ट्रक लागले, घडीच्या खुर्च्या उलगडल्या गेल्या, फळ्यांवर तळलेली कोंबडी, शिजवलेला घेवडा, मक्याचा पाव आणि सफरचंदाचे थर घातलेले केक मांडले गेले. प्लॅस्टिकच्या फुलांनी थडगी इतकी भरली, की मेलेली माणसं लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली. लोवेलने आज तरी आधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं. तो मावशींना हात देऊन चढावावरून वर आणू लागला.

“मावशी, एक सांगायचं होतं.”

“वर गेल्यावर सांग. मला चालणं आणि ऐकणं एकदम जमत नाही.”

वर टर्मन खुर्ची घेऊन उभाच होता. मावशी बसल्या, मांडीवर डल्सिमर घेतलं, पीस बोटांत धरलं, दांडी तारेवर टेकवली. मुलांना गप्प करण्यात आलं. लोवेल अगदी पुढे उभा राहिला. पळून जायचं तर मागचीच जागा बरी होती, हे त्याला फार उशिरा सुचलं.

चाल सुरू झाली. या वर्षी लोवेलने डोळे मिटले नाहीत. दांडी पहिल्या पडद्यावरून तिसऱ्यावर गेली, पाचव्यावर चढली, थरथरली, परत फिरली. पुन्हा वर आली, पाचव्यावर थांबली, पुन्हा खाली. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती दांडी पाचव्याच्या उंबऱ्यावरून माघारी फिरे. चाल दोनदा झाली, तीनदा झाली. दांडी पलीकडे गेली नाही. मावशींनी पीस खाली ठेवलं, लोकांनी टोप्या डोक्यावर चढवल्या आणि सगळे कोंबडीकडे वळले.

लोवेलचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही. कारण त्याला एकदम सगळं उमजलं. मावशींना माहीत होतं. त्यांनी पडदा बघितला होता आणि लोवेलची अब्रू जाऊ नये म्हणून चौऱ्याऐंशीव्या वर्षी बापाच्या थडग्यावर बसून बापाचीच चाल अर्धी छाटली होती. इतकी वर्षं ती चाल पुढे कुठे जात होती, हे त्याने डोळे मिटून ऐकल्यामुळे कधी बघितलंच नव्हतं. आता ते बघायला मिळणार नव्हतं, आणि तेही त्याच्याचमुळे.

तो ताट न घेताच मावशींच्या शेजारी गवतावर येऊन बसला. मावशी कोंबडीची तंगडी खात होत्या.

“मावशी, मी तुमच्या डल्सिमरला एक पडदा ठोकला.”

“माहितीय.”

“कधीपासून?”

“तू आणून दिलंस त्याच दिवसापासून. पुसायला घेतलं तर फडकं अडकलं. दोरा निघाला त्याचा.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होते. पण तू पन्हळीचं काढलंस. म्हटलं, पन्हळ होऊन जाऊ दे. मग लाकडं होती. मग डॉक्टरची तारीख होती.” मावशींनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं. “मध्येच बोलले असते, तर माफी मागून मोकळा झाला असतास.”

लोवेलला यावर रागवायचं होतं, पण त्याचा तेवढा हक्क उरलेला नव्हता.

“कामं आहेत असं फोनवर सांगितलं असतंत तरी मी आलो असतो,” तो म्हणाला.

“एकदा आला असतास.”

खाली टर्मन कुणाला तरी ट्रक मागे घ्यायला सांगत होता.

“तुम्ही आज माझ्यासाठी चाल छाटलीत,” लोवेल म्हणाला. “बाबांची. मी ते विसरणार नाही.”

“काय छाटलं?”

“पाचव्याच्या पुढे गेला नाहीत. माझा पडदा लागू नये म्हणून.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. वर्गात अख्खा तास शिकवून झाल्यावर कुणी धड्याचं नाव विचारलं की लोवेल स्वतः असाच बघायचा.

“मी पाचव्याच्या पुढे कधीच जात नाही, लोवेल. मला ही एकच चाल येते.”

“पण बाबा तर जात असतील ना?”

“बाबांनाही हीच यायची. त्यांच्याकडूनच तर शिकले.”

“मग पुढचे ते सगळे पडदे? पट्टीच्या टोकापर्यंत ठोकलेत त्यांनी.”

“पट्टी उघडी दिसत होती,” मावशी म्हणाल्या, “आणि झाडू बांधायची तार उरली होती.”