गुणवंतरावांच्या भिंतीवरचा बाजार

लेकीचं लग्न तोंडावर आलं, तसं गुणवंतरावांनी सिंदेवाहीतल्या आपल्या कापडदुकानाची रस्त्याकडची भिंत धुरपताकडून चुन्यानं पांढरी करून घेतली. बाजाराच्या दिवशी ती दुसरा हात द्यायला आली, तेव्हा पहिला कडक वाळला होता. धुरपताचा नवरा सुतार. त्याच्या फळ्यांवर बाया-बैलं काढायची तिला जुनी खोड, म्हणून त्याची जाड पेन्सिल नेहमी तिच्या अंबाड्यात खोचलेली.

तेवढ्यात एका बकरीनं दुकानातलं कोरं लुगडं दातात धरलं आणि ती बाजारभर सुटली. मागं गुणवंतराव, एका हातानं धोतर सावरत. धुरपता हसून हसून खाली बसली. हसू आवरेना, तशी पेन्सिल भिंतीला लागली.

दाबली की बैलाची काळी पाठ उठे, आडवी धरून हलकेच ओढली की खुरांमागची धूळ उडे. अंगठ्यानं घासलं, तर भज्यांच्या कढईवर धूर. गुणवंतरावांचे पाय तिनं नीट काढले, तर ते उभेच राहिले. मग एकावर एक रेघा भिरकावल्या, तसे पळू लागले.

बाजार भिंतीपाशी लोटला. शकुबाई कासारीण आपलं नाक फार मोठं काढलं म्हणून तक्रार करी आणि येईल त्याला तेच नाक दाखवी.

चघळलेलं लुगडं घेऊन गुणवंतराव परतले, तेव्हा लोकांनी त्यांना भिंतीपर्यंत वाट करून दिली. धुरपतानं पेन्सिल पाठीमागं लपवली, पण हसरे ओठ काही मिटेनात.

"माहे पाय इतके हायेत?" त्यांनी विचारलं.

"पळून राह्यले होते न भाऊ तुमी. दोनात मावले नाई."

गुणवंतराव हसत सुटले ते ओट्यावर टेकलेच. त्यांनी आतून बायकोला बोलावलं. चुलीपुढं बसल्यानं गुणाबाईची सारी गंमत हुकली होती. तिनं भिंत निरखून पाहिली.

"मले बकरीच्या समोर काढ," ती म्हणाली. "मी असती तं लुगडं गेलंच नसतं."

धुरपतानं हात पसरलेली गुणाबाई काढली. बकरीच्या खुरांखाली दोन जाड रेघा दाबल्या, तशी पळती बकरी जागीच अडली. मग मात्र ज्याला त्याला भिंतीवर जागा हवी झाली. खालची जागा संपली, तेव्हा गुणवंतरावांनी तिला चढायला स्वतः खाट आणून धरली. ते अजून हसत होते, त्यामुळे खाट हले आणि रेघ भलतीकडेच जाई. धुरपता ती पुसत नसे. तिची चिंचेची फांदी करी आणि फांदीवर आणखी एकाला बसवी.